फाळक्यावरचा बर्फ

एकवीस वर्षं मी ट्रकच्या फाळक्यांवर बर्फ काढला,
कुपवाडच्या शेडात, तापल्या पत्र्याखाली.
तीन त्रिकोण, मधला उंच,
पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात,
खाली झोपडी, तळ्यात बदकं.
कॅलेंडर केव्हाच फाटलं होतं,
हाताला सगळं पाठ होतं.

यंदा वैशाखात दस्तगीर म्हणाला, चल की लेका,
बेदाणा जम्मूत टाकायचा, पुढं कारगिलचं भाडं आहे,
क्लीनर पळालाय,
तू नुसता जागा राहा अन् मला जागं ठेव.

नऊ दिवस.
धुळ्यापुढं बोली बदलली, अंबाल्यापुढं चहा.
झोजीलावर मशीननं रस्ता कापलेला,
दोन्हीकडं बर्फाच्या भिंती,
गुळाची ढेप सुरीनं कापावी तशा
आणि काळ्या.
डिझेलची काजळी, माती, कुणाची तरी एक चप्पल.
हात लावला तर बोटं पोळली.
लांबचा डोंगर सावलीत निळा,
नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा,
आणि दिवस मावळताना शेंड्यावर पिवळं उरलं,
हरिपूरच्या पेवांवरून आल्यावर
आईच्या नखांत राहायचं तेवढंच.
थांब, म्हणालो.
मागं लष्कराच्या गाड्यात, म्हणाला, थांबतोय कुठला.

परत आलो तर कुबेर मगदुमांची नवी गाडी उभी.
फाळका घासला, प्रायमर मारला
आणि पांढऱ्याचा डबा उघडेना.
म्हणजे झाकण निघत होतं, हात होत नव्हता.
राखाडी घेतला, निळा, थेंबभर पिवळा.
चार दिवस लागले. झोपडी नाही, बदकं नाहीत.

मगदूम कमरेवर हात ठेवून बघत राहिले.
"पेंटर, बर्फ मळका दिसतोय."
मळकाच असतो, म्हणालो.
"असेल. पण पैसे मी पांढऱ्याचे देतोय."

खरवडला नाही. वरूनच पांढरा फिरवला,
त्रिकोण, झोपडी,
बदकं तर एक जास्तच काढलं.
फक्त डाव्या बिजागरीजवळ, जिथं चिखल आधी उडतो,
बोटभर डोंगर तसाच ठेवला.

गाडी काल वर गेली.
दस्तगीरच आहे तिच्यावर.
त्याला सांगितलंय,
घाटात लाईन लागली की उतरून मागं जा,
तो बोटभर डोंगर बघ, मग खरा बघ,
आणि रेंज आली की फोन कर,
निळा कमी पडलाय का.