ने

रंगाची बॅग सोफियाला आलीच नाही.
ती ऑस्लोला गेली, असं काउंटरवरची मुलगी म्हणाली,
जणू बॅगेनंच ठरवलं
की या दोघांबरोबर नको.
तिच्यात रंगाच्या गोळ्या, कोरा स्वेटर,
आणि मी बळेच कोंबलेली दाण्याची चटणी,
जी आता नॉर्वेत कुणीतरी
संशयानं हुंगत असेल.

मग तो माझ्या मरून शालीत
आणि स्टेशनबाहेर घेतलेल्या टी-शर्टात फिरला.
छातीवर काय लिहिलंय ते आम्हाला वाचता येईना,
पण ट्राममधल्या शाळकरी पोरी वाचत,
आणि एकमेकींच्या खांद्यात तोंड लपवत.

पन्नाशी उलटल्यावर भावाबरोबर
इतके दिवस एका खोलीत राहिले नव्हते.
तो घोरतो हे ठाऊक होतं.
झोपेत आकडे मोजतो, हे नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर
मी ड्रायव्हरला विचारलं, "प्लोवदिव?"
त्यानं मान वरखाली केली. म्हणाला, "ने, ने."
माणूस मान डोलावतोय, वर म्हणतोय ने,
मराठी माणसाला आणखी काय हवं?
चढलो.

तीन तास सूर्यफुलं. मग डोंगर. मग डोंगरच.
फोनवरचा आमचा निळा ठिपका
प्लोवदिवकडे पाठ करून चालला होता.
"शॉर्टकट असेल," रंगा म्हणाला.

शेवटचा थांबा: एक अक्रोडाचं झाड,
पाण्याची दगडी कुंडी, बंद दुकान.
ड्रायव्हरनं आम्हाला पाहिलं
आणि कपाळावर हात मारला.
ती खूण मात्र आमच्याकडे होते तशीच.
परतीची बस सकाळी सातला.

कुंडीच्या काठावर बसून भांडलो.
तू नेहमीच, तू कधीच,
असली वाक्यं संपल्यावर
त्यानं एकदम एकोणऐंशी साल काढलं.
माझी शाळेची वेरूळची सहल,
दारात तो, पाच वर्षांचा, एका पायात चप्पल,
"मला पण ने."
मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही म्हणे.
पाहिलं होतं.
म्हणून तर मान इतक्या लवकर पुढे केली.

तेवढ्यात आलुबुखारांची बादली घेऊन
स्तोयांका आली, आणि काही न विचारता
माझी पिशवी उचलून चालू लागली.
तिला गावात बाबा म्हणत.
आजीला इथे बाबा म्हणतात.
आमचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली,
तेही असंच दटावून वाढायचे.

चीज भरलेली बानित्सा, गरम, पापुद्र्यापापुद्र्यांची.
रंगानं आडवी मान हलवली, नको हो, कशाला.
तिनं आणखी एक तुकडा वाढला.
त्यानं जोरात हलवली. तिनं दोन वाढले.
पाच नकारांत तो सात तुकडे जेवला.

शेवटी वार्नाहून फोनवर तिचा नातू, इवायलो,
हसत हसत इंग्रजीत म्हणाला:
इथे आडवी मान म्हणजे हो.
उभी म्हणजे नाही.
आणि ने म्हणजेही नाहीच.
(टी-शर्टाचा फोटो पाठवला,
त्यावर तो काहीच बोलला नाही. नुसता हसला.)

रात्री गोधडीसारख्या जड पांघरुणात
रंगा बराच वेळ खुदखुदत होता.
मग अंधारातून म्हणाला,
"म्हणजे तेव्हा दारात उभा राहून
मी नाही नाही म्हणत होतो."
मी काही बोलले नाही.
तो आकडे मोजू लागला तेव्हा
मी चौसष्टपर्यंत त्याच्याबरोबर मोजले.

बॅग शेवटच्या दिवशी आली, थेट विमानतळावर.
स्वेटरची घडीही मोडली नव्हती.
चटणी शाबूत.
रंगानं टी-शर्ट बदलला नाही.

"पुढच्या वर्षी?" मी रांगेत विचारलं.
"ने," तो म्हणाला. मान अजिबात हलवली नाही.
कुठल्या भाषेत,
ते विचारायच्या आत
आमचा नंबर आला.