चौथा ठोका

दस्तगीर नालबंद घोड्याकडं आधी बघायचाच नाही.
सदलग्याच्या माळावर, शर्यतीच्या सकाळी,
दूधगंगेकडं पाठ करून पत्र्याच्या डब्यावर बसायचा,
डोळे मिटून.
मला म्हणायचा, 'चालवत आणाय सांग. पळवत नको.
पळताना सगळीच खोटं बोलत्यात.'

मग बोटं मांडीवर:
वंदु, एरडु, मूरु, नाक्कु.
वंदु, एरडु, मूरु, नाक्कु.
मोजणं कानडी, शिव्या मराठी.
मी निपाणीच्या जर्द्याचा पुडा उलटा करून लिहायचो:
रायबागची तांबडी, चारी ठोके सारखे.
अथणीचा अबलख, मागचा डावा आखूड,
पण ते जुनं.
'दुखणं नवं का जुनं, ते आधी बग.
जुन्या दुखण्याशी जनावराचा करार झालेला असतोय.'

त्या कार्तिकात बाळगोंडा पाटलाचा घोडा आला,
पुण्याच्या रेसकोर्सवरनं उतरलेला,
कागदावर सात वर्षांचा, दातांत अकरा.
अंगावर ऊन ठरत नव्हतं, घसरायचं.
पुढच्या दोन्ही पायांना कोऱ्या तांबड्या पट्ट्या.
'दोन्हीला का बांधत्यात?'
'कुठला, म्हणून कुणी इचारू नये.'

हवा गार, तोंडातनं वाफ निघत होती,
आणि त्याच्या मांड्यांमध्ये साबणासारखा फेस.
उभा राहिला की उजवा पाय चार बोटं पुढं,
नुसता टेकवलेला, भार न देता,
उठायच्या बेतातल्या पाहुण्यासारखा.
दुडकीवर घातला तेव्हा
दुखरा टेकला की मान वर, चांगला टेकला की खाली.
लोक म्हणाले, बघा, हो हो म्हणतोय.

दस्तगीरनं परत चालवायला लावला.
वंदु, एरडु, मूरु
आणि बोट वरच राहिलं.
चौथा आला, उशिरा, हलका,
रात्री दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा.

मी लिहिलं: नको.
तिघांना सांगितलंही:
बोरगाव गाडीचा कंडक्टर इंगरोळे,
भडंगवाली तायव्वा,
आणि चिकोडीच्या बँकेतला शिपाई, जो उसने काढून लावायचा.
आम्ही सगळे तांबडीवर.

पाटलाचा घोडा जिंकला.
थोडक्यात नाही. मागच्या गाड्यांना
त्याची धूळसुद्धा खाली बसलेली मिळाली.
गुलाल. हलगी. घोड्याच्या कपाळावर नोटांची माळ.
इंगरोळे म्हणाला, 'काय ओ नालबंद, कान गेलं काय?'
तायव्वा काही बोलली नाही,
माझ्या पुडीत एक मूठ कमी घातली.
मी पुडा फाडला. दस्तगीरनं तुकडे गोळा करून
खिशात ठेवले, का ते मला माहीत नाही.

तिसऱ्या रात्री पाटलाचा गडी बोलवायला आला.
गोठ्यात बॅटरीचा उजेड.
तांबडी पट्टी सोडली तर आतल्या कातड्यावर
जुन्या डागण्यांच्या ओळी, वहीसारख्या आखलेल्या.
खूर तव्यासारखं.
त्यानं माझं बोट धरून खुराच्या वर, मागच्या बाजूला दाबलं.
'मोज.'
मी मोजायला लागलो, माझ्या भाषेत,
आणि आकडे मागं पडायला लागले.

आठ खिळे. प्रत्येकाला घोडा थरथरला,
पण पाय काढून घेतला नाही.
बाळगोंडा दाराशी उभा, गुलाल अजून कानामागं.
'परत पळंल का?'
दस्तगीर पकड पुसत होता.
'जिंकला न्हवं?' एवढंच म्हणाला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता म्हणेल,
बघ, आपलं बरोबर होतं.
म्हणाला नाही. अकराशे त्याचेही गेले होते.
सगळ्या वाटेनं तो पुढं, मी मागं,
आणि मी त्याची पावलं मोजू नयेत म्हणून
मोठ्यानं खोकत राहिलो.

ती नाल पाटलानं चौकटीवर ठोकलीय,
जिंकलेल्या घोड्याची, घराला बरकत म्हणून.
येणारा जाणारा हात लावून कपाळाला लावतो.
मी दुधाचा हिशेब द्यायला जातो तेव्हा वर बघतो.
एक बाजू जाड, कोरी, खिळ्यांच्या खुणांसकट.
दुसरी कागदासारखी झिजलेली,
दिवा लागला की तिच्या कडेतनं उजेड येतो.