दंडाची वही

रकाना पहिला : उद्यानाचे नाव.
लोक म्हणतात मडमेची बाग.
उताऱ्यावर नुसतं 'गिरणी आवार, पडीक'.
मी दोन्ही लिहिलं, मधे तिरकी रेघ मारून.

एप्रिलचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेनऊ.
टेप धरायला मल्लिनाथ, डोक्यावर ओला पंचा.
पत्र्याचं टोक बोटांना चटका देतं
म्हणून तो ते चपलेखाली दाबून धरतो.
लांबी दोनशे दहा फूट.
रुंदी, भिंत पडल्यामुळे, सांगता येत नाही.

रकाना चौथा : रचनाकार.
नकाशा आहे. कापडावर डकवलेला,
कोपरे वाळवीनं नेलेले.
विलायतेतल्या कुठल्याशा परगण्यातली
मडमेच्या माहेरची बाग म्हणे, जशीच्या तशी :
इथे हिरवळ, इथे बदकांचं तळं,
इथे गुलाबांच्या चार ओळी,
आणि पूर्वेला, सकाळच्या धुक्यात बसायला बाक.
धुकं. सोलापुरात.
मल्लिनाथ हसला नाही. म्हणाला,
"बाक कुठाय मग मॅडम? बसलो असतो की."

बदकांच्या तळ्यात मांजरीनं पिल्लं घातलीत.
हिरवळीच्या जागी हरळी,
तीही कुणी न बोलावता आलेली.
गुलाब शून्य.
आणि लिंबाखाली यल्लूबाई चिलवेरी, वय ऐंशीच्या पुढे,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
कापलेल्या पानांच्या थप्पीवर दाब म्हणून
एक जाडजूड वही.

गिरणी मोडली तेव्हा रद्दीवाल्यानं
वजन जास्त भरलं म्हणून ही एक टाकून दिली होती.
"घे की, बघ. पान मात्र फाडू नको,
दाब कमी होतो."

निम्मी मोडीत, निम्मी बाळबोध.
दंडाची वही.
सूत तुटलं, दंड. उशिरा आला, दंड.
बारा नंबरच्या पानावर :
'फुलारी गुरपाद, माळी. हौदाचे पाणी
गुलाबांस न घालता लिंबाचे रोपांस घातले.
दोन आणे.'
'फुलारी गुरपाद. कुंपणास विलायती झुडूप लावणेचे सोडून
मेंदी लाविली. चार आणे.'
'सदर इसमाने कांडीखात्यातील बायांस
मेंदीचा पाला तोडू दिला. चार आणे.'
'सदर इसम पुन्हा.'
'सदर इसम पुन्हा.'
मग शाई बदलते, कारकून बदलतो,
सदर इसम पुन्हा.

यल्लूबाईची आई कांडीखात्यात होती.
सुतानं चिरलेल्या बोटांवर वाटलेला पाला,
आधी झोंबायचा, मग गार वाटायचं,
रात्री हात उशाशी उताणे ठेवून निजायची.
हे तिनं अर्धं तेलुगूत सांगितलं,
बोटं विडी वळत राहिली,
दोरा दातानं तोडला.

लिंबाचा घेर मोजला : अकरा फूट चार इंच.
मेंदी माझ्या डोक्याच्या वर गेलीय.
बेरीज केली, उगाचच, नकाशाच्या मागच्या बाजूला :
तीन रुपये दहा आणे.
पगार महिना नऊ रुपये,
असं एका समासात आहे.

रकाना चौथा. पेन थांबलं जरा.
मडमेचं नाव नकाशावर नाहीच,
दोन इंग्रजी अक्षरं आहेत, त्यातलं एक पुसलेलं.
मी लिहिलं : गुरपाद फुलारी.
साहेब विचारतील, आधार काय?
आधार पानांच्या थप्पीवर ठेवलाय,
दुपारपर्यंत उचलता येणार नाही.

मल्लिनाथनं टेप गुंडाळला,
बाटलीतलं उरलेलं पाणी पिल्लांच्या आईसाठी
करवंटीत ओतलं.
यल्लूबाईनं विचारलं, "पोरगी आहे का तुला?"
आणि उत्तराआधीच
माझ्या पिशवीत, फॉर्मच्या गठ्ठ्यावर, मूठभर पाला टाकला.

शेवटचा रकाना : शेरा.
जागा अर्धा इंच.
'पाला अजून तोडतात.'