एक नंबरची काच

मुनाफ तडवीच्या दुकानात एक पाकीट पडून होतं,
वर पेन्सिलीनं : केवळबाई महाजन, प्लस एक,
दोन्ही डोळे. उद्या नेते.
त्या उद्याला अकरा वर्षं झाली.

चोपड्यात आमची दुकानं एका भिंतीची.
तो चष्मे करतो, मी घड्याळं दुरुस्त करायचो,
आता बहुतेक सेल बदलतो.

एका रिकाम्या दुपारी म्हणाला,
प्लस एक म्हणजे काय, माहितीये?
लांबचा उजेड बरोबर एक मीटरवर गोळा होतो.
आणि माझ्या डोळ्यावरचं भिंग मागितलं.

केळीच्या बागेत ठिबकचं उरलेलं पाइपाचं तुकडं,
एका तोंडाला केवळबाईंची काच,
दुसऱ्यात मागंपुढं सरकणारी नळी.
काचेपुढं पुठ्ठा, पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक.
उजेड हवाय ना, मग झाकतोस कशाला?
कडेचा उजेड रंग सांडतो, म्हणाला.

पहिल्या रात्री भिंग न लावताच
त्यानं पाइपाच्या शेवटाशी बटर पेपर धरला.
त्यावर चंद्र. हरभऱ्याएवढा, उलटा.
एवढाच?
एवढाच. आता तू रोज करतोस ते कर.

कागद काढला, भिंग बसवलं,
आणि त्या हरभऱ्याकडं पाहिलं
जसं पस्तीस वर्षं बॅलन्स व्हीलकडं पाहत आलो.
डाग फुटले. खड्डे निघाले.
खड्ड्यांच्या काठावर कुठलंसं सकाळचं ऊन.

म्हणजे लांबचं जवळ येतच नाही.
चंद्र होता तिथंच,
त्याचा उजेड तेवढा आमच्या पाइपात उतरलेला,
आणि मी आपला
नाकापुढची एक बारकी वस्तू पाहत होतो.
मीटरला इंचानं भाग, मुनाफ म्हणाला. चाळीस.

चाळीसपट चंद्र,
चाळीसपट माझा हातही.
बोट टेकलं की आभाळ गचके खाई.
वर्षभर चिमट्यातून स्क्रू निसटत होते,
घरी बोललो नव्हतो.
मुनाफही बोलला नाही.
खाली जाऊन गव्हाचं अर्धं पोतं आणलं,
पाइपाखाली ठेवलं.

पोत्यावर सगळं थांबलं
तेव्हा कळलं, चंद्र चालतोय.
तीन मिनिटांत काठाशी, मग नाही.
एवढं वेळेवर मी एकही घड्याळ लावलं नव्हतं.

दिवसा सातपुडा पाहिला.
साग खाली लोंबत होते,
पाड्यावरचा धूर खाली गळत होता.

दिवाळीला उधन्याहून केवळबाई आल्या.
मुनाफ पाकीट चाचपडत राहिला, कान लाल.
त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ दे भाऊ,
मन्हा नंबर आते अडीच व्हयना.

रात्री गच्चीवर पोत्याशी वाकल्या.
खूप वेळ.
गया, म्हणाल्या एकदा,
तरी डोळा लावलेलाच.

मग खाली उतरताना, तिसऱ्या पायरीवर :
दुसरी काच कोठे शे?

पाकिटातच होती.
पदरानं पुसून, रुमालात बांधून घेतली.
उधन्यालाही गच्ची आहे म्हणे.

माझ्या ड्रॉवरात आणखी एक भिंग होतं,
कडेला टवका गेलेलं.
तेही देऊन टाकलं.