सात सीसी

अंबड लिंक रोडला माझं दुकान.
डिकीवर अक्षरं लावतो: एक पॉइंट पाच.
इंजिन असतं चौदाशे त्र्याण्णवचं,
उरलेले सात सीसी कुठे गेले
गिऱ्हाईक विचारत नाही.

परवा द्वारकेचा एक एजंट म्हणाला, टर्बो लाव.
लावलं. एकशेवीस रुपये.
गाडी काही बोलली नाही.
कसारा घाटात बोलेल.

धोंगडे मामा कंपनीत एकतीस वर्षं.
बिल्ल्यावर नुसता आकडा, ४०७२.
बॉनेट न उघडता सांगायचे,
तिसरा मिस मारतोय.
रिटायर झाले, बिल्ला जमा केला.

जुनी अक्षरं उपटली की
खाली त्यांच्याच आकाराचा
न विटलेला रंग निघतो.
मामांच्या खाकी शर्टावर, खिशाच्या वर,
तसा चौकोन आहे.

इथं काय लावू, विचारलं.
म्हणाले, ते सात सीसी लाव.