बारदान वजा

दिवसभर सांगलीच्या यार्डात हळद तोलतो,
रात्री हे कागद.
मोडी शिकलो पन्नाशीनंतर, मिरजेच्या मुजावर सरांकडे.
बोटं पिवळी, म्हणून पानं चिमट्यानं उलटतो.

साल सबा अर्बैन तिसा मया.
दमनाईक देसाई कृष्णेच्या उतारावर मारला गेला,
अवसेच्या रात्री, मागून,
वसुलाचा हिशेब किल्ल्यावर नेताना.
महजर म्हणतो : शिदबा मशालजी फितला,
ऐन उतारावर मशाल विझवली.

असेल.
पण त्याच रुमालात तेलाची याद आहे.
रोजचं पावशेर, त्या रात्री नवटाक.
देणारा कोठावळा धाकट्या भावाचा, खेलनाईकाचा,
ज्याच्याकडे पुढे देसकत गेली.
थांबा, लगेच पारड्यात टाकू नका.
त्या साली तेल महागलं होतं, इतरांचंही कापलंय.
आणि दमनाईकाच्या कमरेचा तो हिशेब
किल्ल्यावरच्या हवालदारालाही नकोच होता.

पोतं काट्यावर चढलं की मी आधी बारदान वजा करतो.
महजरातून काय वजा करू?
लिहिणारा खेलनाईकाच्या पंगतीतला.
खाली नांगर, किंकरं, आरसा,
कुणा वाण्याचा तराजूसुद्धा.
नांगराची रेघ थरथरलेली.
म्हातारपण, की कोणी मागे उभं होतं?

बायको म्हणते, झोपा आता,
पावणेपाचशे वर्षं झाली त्याला.
काटा अजून हलतोय.

शिदबाची निशाणी कुठंच नाही.
मशालजी सहीला काय काढत असेल,
मुजावर सरांनाही सांगता आलं नाही.