सतरा नंबर

लिएपायात वारा राहतो, माणसं नुसती भाडेकरू.
मॅच हरून बाहेर पडलो तेव्हा तो
दारातच उभा होता, टोप्या मागायला.
आम्ही चौघं नेहमीप्रमाणे झिंत्राच्या टपरीत:
धुरी दिलेला मासा, काळा पाव, चहा,
आणि टेबलाच्या मधोमध, तिथे नसलेला, राइतिस.

"विका," विस्वाल्दिस म्हणाला. "एप्रिलात करार संपतो.
जर्मन पैसे मोजतायत तोवर विकून टाका.
अकरा सामने! अकरा सामन्यांत गोल नाही,
आणि जर्सी अशी घालतो, जशी उसनी आणलीय."
माशाचा काटा काढून त्याने ताटलीच्या कडेला ठेवला.
मग दुसरा. मग तिसरा.
अकरा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

"आणि नोव्हेंबर?"
ही स्काइद्रीते. दारावर तिकिटं फाडते, चोवीस वर्षं,
खेळ तिला फटीतून दिसेल तेवढाच.
"नोव्हेंबरात तो जाळीमागून निघाला, पाठमोरा,
पक स्टिकच्या टोकाशी अशी,
की कुणी काठोकाठ भरलेली वाटी घेऊन
अंधारात जिना उतरतंय.
गोलकीपरला कळलं नाही, पंचाला कळलं नाही,
लाल दिवा लागला तेव्हा आपल्याला कळलं.
उशिरा आलेल्या एका बिचाऱ्याचं तिकीट
मी चार तुकडे करून हातात दिलं."

"एका नोव्हेंबरावर हिवाळा निघत नाही."
"माझा निघतो."

इल्ग्वार्स गप्प होता. तो स्केटना धार लावतो,
नखांत लोखंडाची भुकटी, सणासुदीलाही.
शेवटी बोलला, तेही आमच्याशी नाही, चहाच्या कपाशी:
"बाकीचे येतात, म्हणतात, नेहमीसारखी लाव.
हा पोरगा दर वेळी वेगळी मागतो.
आज खोल, उद्या उथळ,
परवा म्हणाला, उजवीला लाव, डावी राहू दे तशीच.
चौदाचा होता तेव्हापासून हेच.
विचारलं, काय शोधतोस? म्हणाला, सापडलं की सांगतो."

"म्हणजे त्याचं त्यालाच ठाऊक नाही," विस्वाल्दिस.
"म्हणजे हे नव्हे, एवढं ठाऊक आहे," स्काइद्रीते.
एकाच वाक्याची दोन टोकं धरून
ओल्या चादरीसारखी दोघं ती पिळत बसली.

मी? मीही विका म्हणालो, हात वर करून.
मी ट्राम चालवतो. रुळांवरचा माणूस.
सव्वीस वर्षांत, वळावंसं वाटलं म्हणून, कधी वळलो नाही.
गोल मला सहा चाळीसच्या गाडीसारखा लागतो.
आणि खरं सांगू, पोरगा आवडतो
म्हणून तर विका म्हणालो.
दर आठवड्याला तो हरवायचा
आणि दर आठवड्याला पैसे मोजून त्याला शोधायला जायचं,
या वयात हे झेपत नाही.

शेवटची फेरी. पुलापाशी तो चढला.
खांद्यावर पिशवी, स्टिकची पट्टी सुटून लोंबणारी.
गाडीत आम्ही दोघंच.
आरशात पाहिलं: काचेवर वाफ धरलेली,
तिच्यावर बोटाने एक रेघ. पुसली.
दुसरी, जरा आतून वळवलेली. पुसली.
त्याचा थांबा आला आणि गेला.
घंटी वाजली नाही तर थांबायचं नाही, नियम आहे.
मी थांबलो नाही.

शेवटच्या स्थानकावर दिवे मालवायला उठलो
तेव्हा ओशाळून हसला.
"परत नेता का?"
परत फेरी नसते. गाडी रिकामी डेपोत जाते,
आणि रिकाम्या गाडीत माणूस बसत नाही.
"बस," म्हटलं.
अकरा सामने माझ्या जिभेवर होते.
मी विचारलं, हीटर चालू करू का?

तो उतरला. वाऱ्याने त्याची टोपी मागितली,
त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली.
काचेवर एक रेघ उरली होती, जाळीमागून निघालेली,
कुठेच न पोचलेली.
डेपोत मी ती बाजू पुसायची राहू दिली.

शनिवारी त्याने रिकामी जाळी चुकवली. चार पावलांवरून.
विस्वाल्दिसने बारावा काटा कडेला ठेवला
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी माझे काटे मोजले नाहीत.
रुमालात गुंडाळून खिशात घातले,
आणि झिंत्राला अजून एक मासा सांगितला.